डोंगर गेला, नदी वळली. कादंबरी कुठवर आली?

उलव्याचा डोंगर आता नाही. सुरुंग लावून तो उतरवला, त्याच्या दगडमातीने पाणथळ जमीन भरून काढली, उलवा नदीचं पात्र वळवलं आणि त्या जागी धावपट्टी आली. नवी मुंबईच्या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली दहा गावं उठली. त्यांतलं एक खुद्द उलवे. नाव मात्र उठलं नाही. ते बाजूला सरकलं आणि गव्हाण, शेलघर, बामणडोंगरी, जावळे अशा गावांच्या भातशेतीवर उभ्या राहिलेल्या उंच इमारतींना जाऊन चिकटलं. आज ज्या वसाहतीला सगळे उलवे म्हणतात, तिथे उलवे गाव कधीच नव्हतं. गाव एकीकडे गेलं, माणसं दुसरीकडे, नाव तिसरीकडे.

पलीकडे उरणच्या बाजूला आणखी एक प्रकार. न्हावा-शेवा बंदरासाठी १९८०च्या दशकात शेवा कोळीवाडा हलवला आणि तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवून दिला. त्या वसाहतीला वाळवी लागली. समुद्राकाठी जन्म काढलेल्या माणसांची घरं वाळवीने आतून पोखरली, आणि पुनर्वसनाचंच पुनर्वसन करा, अशी मागणी घेऊन ती माणसं दशकानुदशकं सरकारी दारांत उभी राहिली. गाब्रिएल गार्सिया मार्केस याच्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये शेवटी मुंग्या एका घराण्याचा ताबा घेतात. जगभरचे वाचक त्याला कल्पनेची झेप म्हणतात. उरण तालुक्यात तोच मजकूर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्जात लिहिला जातो.

मग प्रश्न पडतो. ओळख आणि स्थलांतर या विषयावरची जादुई वास्तववादी कादंबरी जगात चार दशकं गाजते आहे. तिला लागणारी सगळी सामग्री पनवेलच्या खाडीकाठापासून इस्रायलमधल्या बेर्शेबापर्यंत मराठी माणसांच्या वाट्याला आली. तरी मराठी कादंबरीने या वाटेवर इतकी मोजकीच पावलं का टाकली? आणि जी टाकली, ती कुठवर पोचली?

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा आधी चित्रकलेत आली. जर्मन समीक्षक फ्रान्झ रो याने १९२५ साली ती वापरली. क्यूबाचा आलेहो कार्पेंतिएर याने १९४९ मध्ये आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडलं, की युरोपातले अतिवास्तववादी अद्भुत ओढूनताणून रचतात, लॅटिन अमेरिकेत ते इतिहासातच सापडतं. १९६७ साली मार्केसची कादंबरी आली आणि ही रीत जगभर गेली. तिच्या नकलाही इतक्या झाल्या, की उडणाऱ्या आज्या आणि बोलणारे पक्षी पाहून वाचकाने पुस्तक मिटावं. मार्केसकडे एक सुंदर तरुणी वाळत घातलेल्या चादरींसकट आकाशात निघून जाते, तेव्हा घरातल्या दुसऱ्या बाईला काळजी पडते ती चादरी गेल्याची. सगळी करामत त्या काळजीत आहे. चमत्कार कुणीही लिहील. चादरींचा हिशेब ठेवणारा लेखक विरळा.

स्थलांतरिताला हा हिशेबी सूर शिकावा लागत नाही. टेबलापलीकडचा माणूस त्याला विचारतो, तू कोण? उत्तर त्याच्या तोंडी असतं, पण ते ग्राह्य नसतं. ते कागदावर लागतं. माणूस आणि त्याचा कागद यांच्यात फट पडली की तिच्यातून अद्भुत आत येतं. या विषयावरच्या चांगल्या कादंबऱ्या बारकाईने वाचल्या तर त्यांतला चमत्कार बहुधा एखाद्या कचेरीच्या, ठाण्याच्या किंवा नाक्याच्या आसपासच घडलेला दिसतो.

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’मध्येही (१९८८) हेच घडतं. भारताने त्याच वर्षी ऑक्टोबरात या पुस्तकाच्या आयातीवर बंदी घातली, पुढचा गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. आणि त्या धुरळ्यात पुस्तकाचा निम्मा विषय, म्हणजे लंडनमधला दक्षिण आशियाई माणूस, दिसेनासा झाला. स्फोट झालेल्या विमानातून दोन भारतीय नट इंग्लंडच्या किनाऱ्यावर पडतात आणि जिवंत राहतात. एकाच्या कपाळावर शिंगं येतात, पायांना खूर फुटतात. इमिग्रेशनचे अधिकारी त्याला गाडीत घालून बेदम मारतात. शिंगांचं त्यांना नवल वाटत नाही. परका माणूस त्यांच्या लेखी आधीपासून तसाच असतो. त्याआधीच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’मध्ये (१९८१) मराठी माणूसही येतो. छोटा सलीम सायकलवरून भाषावार प्रांतरचनेच्या मोर्चात जाऊन धडकतो आणि मुंबई राज्याच्या फाळणीला आपणच कारण झालो, असं मानतो. पण तिथे मराठी माणूस म्हणजे घोषणा देणारा जमाव. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं मेली, त्यांतल्या एकाच्याही घरात ती कादंबरी शिरत नाही. रश्दींची मुंबई वॉर्डन रोडच्या टेकडीवरून दिसणारी आहे, हे त्यांचे चाहतेही नाकारणार नाहीत.

अलीकडच्यांपैकी मोहसिन हमीद यांची ‘एक्झिट वेस्ट’ (२०१७) फार वाचली गेली. युद्धात सापडलेल्या शहरातली काही दारं अचानक दुसऱ्या देशांत उघडू लागतात. कल्पना देखणी, पण अंमळ सोयीची. दार ओलांडलं की प्रवास संपतो. दलाल, उधारी, होडीतला वास, नाक्यावरची रात्र हे सगळं गळून जातं. त्याच वर्षी आलेलं दीपक उन्नीकृष्णन यांचं ‘टेंपररी पीपल’ कमी गाजलं, पण आपल्याला जास्त जवळचं आहे. आखाती देशांतल्या मल्याळी मजुरांच्या या गोष्टींत एक बाई रात्री बांधकामांभोवती फिरते, वरून पडलेल्या मजुरांना शोधते आणि त्यांचे तुटलेले अवयव चिकटवून-शिवून देते, म्हणजे ते पुन्हा कामावर उभे राहतील. श्रीवर्धन-म्हसळ्यापासून रत्नागिरीपर्यंत कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पैशावर पेटली. त्या घरांतून असं पुस्तक मराठीत अजून आलेलं नाही.

आता मराठीकडे. ‘आपल्याकडे अद्भुताची परंपराच नाही’, हे सहज म्हटलं जातं, पण ते खरं नाही. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. त्याच्या पाठोपाठ लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या आणि लोकांनी त्या आवडीने वाचल्या. मग हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ (१८९०) आली आणि मराठी कादंबरी वयात आली असं ठरलं. वयात येण्याची किंमत म्हणून अद्भुत माजघरात आणि मुलांच्या पुस्तकांत गेलं. पुढे ग्रामीण आणि दलित साहित्याने वास्तवाला धार दिली. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तकं म्हणजे साक्ष होती. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला गाव कोणतं, हा ‘उपरा’तला प्रश्न ओळख आणि स्थलांतराचाच. पण साक्ष देणाऱ्याने चमत्कार सांगितला तर साक्ष मोडते. ज्यांचं म्हणणं शतकानुशतकं कुणी खरं मानलं नाही, त्यांनी ‘असं घडलं’ एवढंच ठासून सांगणं भाग होतं. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’लाही (१९९१) हेच लागू पडतं. धरणग्रस्तांची ही कादंबरी मोजणी, नोटीस, मोबदला, वशिला या पायऱ्यांनी पुढे जाते आणि तिची ताकद त्या तपशिलातच आहे. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि विस्थापनाची मराठी कादंबरी कशी असते याचा नमुनाही तिने घालून दिला. नमुना इतका पक्का बसला, की पुढच्यांना त्यातून बाहेर पडायला वेळ लागला.

वेगळी वाट धरणारा एक माणूस मात्र त्याआधीच होता, आणि तो बहुतेक वेळ महाराष्ट्राबाहेरच होता. विलास सारंग १९४२ साली कारवारला जन्मले, मुंबईत शिकले, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले, १९७०च्या दशकात इराकमध्ये बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते आणि नंतर कुवेतमध्येही. ते मराठीत लिहीत, स्वतःच इंग्रजीत नेत, कधी उलटं करत. ‘सोलेदाद’ (१९७५) या संग्रहाने त्यांचं नाव झालं. ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) ही त्यांची कादंबरी या लेखाच्या विषयाला मराठीतली सर्वांत जवळची. एन्की हा सुमेर लोकांचा गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव; त्याचं एरिदू हे नगर दक्षिण इराकातलं. त्या भूमीत एक मराठी प्राध्यापक बाथ पक्षाच्या राजवटीत नोकरी करतो. कोण कोणावर नजर ठेवून आहे कळत नाही, कोणत्या वाक्यामुळे व्हिसा जाईल सांगता येत नाही. कादंबरीत उघड चमत्कार फारसे नाहीत. पण पाच हजार वर्षांपूर्वीचा देव आणि भिंतीवरचा हुकूमशहा एकाच चिखलातून उगवलेले वाटू लागतात, आणि परदेशी मास्तराचं अस्तित्व शिक्क्याएवढं उरतं.

सारंगांच्या गोष्टींत अद्भुत मोकळं सुटतं. जहाज फुटून एका बेटावर पोचलेला चक्को नावाचा माणूस सांगतो, की तिथल्या बायकांना शरीराचा एकच अर्धा भाग असतो, कुणाला वरचा, कुणाला खालचा. सगळं मुलाखतीच्या कोरड्या स्वरात. मराठी वाचक बिचकले, समीक्षक काफ्काचं नाव घेऊन मोकळे झाले. सारंग २०१५ मध्ये गेले. ना पुरते मराठी ना पुरते भारतीय इंग्रजी, असा एक सीमेवरचा लेखक म्हणूनच त्यांची नोंद राहिली. ज्या विषयावर त्यांनी लिहिलं, त्याच विषयाचे ते बळी ठरले म्हणायचे.

त्यांच्याआधीचे जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. कानडी मुलखात राहून मराठी लिहिणारा हा लेखक. ‘रमलखुणा’तल्या (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांमध्ये माणसं अखंड चालत असतात. पण जीएंचे प्रदेश मुद्दाम नकाशाबाहेरचे. तिथे नियती आहे, तलाठी नाही. त्यामुळे त्यांना थोर रूपककथाकार म्हणावं, जादुई वास्तववादी म्हणू नये.

भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरू होते. पाकिस्तानात काम करणाऱ्या खंडेरावला वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या मोरगावला निघतो. सीमा ओलांडताना त्याच्या डोक्यात हजारो वर्षांचे थर एकमेकांत मिसळतात. स्वप्न, कीर्तन, वंशावळ, शिव्या, सगळं एका प्रवाहात. या कादंबरीचा अवाढव्यपणा अनेकांना पेलला नाही. पण एक गोष्ट तिने सिद्ध केली. मराठी घराच्या पोटमाळ्यावर एवढं अद्भुत पडून आहे, की ते मार्केसच्या कोलंबियातून आणायची गरज नाही.

शहरात हे काम जयंत पवारांनी केलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. कोकण-घाटावरून आलेल्या चाकरमान्यांनी तीन-चार पिढ्यांत जे गिरणगाव उभारलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणाचं झालं. ‘अधांतर’ नाटकात पवारांनी ही कथा रोखठोक वास्तवात सांगितली. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या कथासंग्रहात मात्र त्यांनी सूर बदलला. अफवा, दंतकथा, बातमी आणि भूत यांच्यातल्या भिंती पाडल्या, कारण मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभ्या असलेल्या जुन्या कामगाराचं वर्णन नुसत्या वास्तवात मावत नव्हतं. या पुस्तकाला २०१२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये पवार गेले. त्यांच्या हातून याच सुरातली मोठी कादंबरी व्हायला हवी होती, ही रुखरुख राहते. किरण नगरकरांनी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मराठीत लिहिली आणि ‘रावण अँड एडी’ (१९९५) इंग्रजीत. माझगावच्या चाळीत गॅलरीतून पडलेलं हिंदू बाळ झेलताना गोवेकर ख्रिस्ती शेजारी मरतो, आणि दोन घरांचं नशीब कायमचं गुंततं. विषय अस्सल मुंबईचा, शैली फटाक्यासारखी. मराठीचं मात्र त्यात नुकसान झालं.

मराठीचं याहून मोठं नुकसान पनवेलच्या अगदी अंगणात झालं आहे. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत बेने-इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतकं राहिले. त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. लक्षात राहिली ती प्रार्थनेची काही वाक्यं आणि शनिवारची सुट्टी. वाचलेले तेलाच्या घाण्याच्या धंद्यात शिरले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नागावकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. पनवेलला त्यांचं सिनेगॉग आहे. प्रेषित एलियाहू अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर उतरला आणि तिथून आकाशात गेला, त्याच्या खुणा दगडावर आहेत, ही त्यांची श्रद्धा. नवस फेडायला पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी हरदासी कीर्तन उचललं आणि बायबलमधली आख्यानं टाळ-पेटीवर मराठीत लावली. समुद्रातून आलेली सात जोडपी, आकाशात जाणारा प्रेषित आणि शनिवारी थांबणारा घाणा. मार्केसला आणखी काय हवं होतं?

१९४८ नंतर यांतले हजारो लोक इस्रायलला गेले आणि कागदाची गोष्ट तिथे सुरू झाली. काहींना तिथली वागणूक इतकी लागली, की १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी धरणं धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि काही जण खरोखर परतले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीमंडळाने निर्देश काढला, की बेने-इस्राएल व्यक्तीचा दुसऱ्या यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. कोकणात ज्यांना शतकानुशतकं फक्त यहुदीपणामुळे वेगळं ओळखलं, त्यांना यहुद्यांच्या देशात तुम्ही यहुदी कशावरून, हा प्रश्न आला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झालं आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला, की बेने-इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. बहुमताने माणसाची ओळख मंजूर झाल्याचा हा प्रसंग कुठल्याही कादंबरीकाराने रचला असता तर संपादकाने भडक म्हणून कापला असता.

यावर कादंबऱ्या झाल्या. फक्त मराठीत झाल्या नाहीत. मीरा महादेवन यांनी ‘अपना घर’ (१९६१) हिंदीत लिहिली: घरातला कुणी इस्रायलला निघतो, कुणी निघत नाही, आणि घर मधोमध चिरतं. शीला रोहेकर यांची ‘मिस सैमुएल : एक यहूदी गाथा’ (२०१३) हीदेखील हिंदी. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड इंग्रजीत लिहितात. ‘बुक ऑफ रेचल’मध्ये (२००६) मुलं इस्रायलला गेल्यावर एक म्हातारी अलिबागजवळच्या गावात बंद सिनेगॉगची झाडलोट करत राहते आणि त्या जागेवर बिल्डरचा डोळा पडतो. प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. या कादंबरीला २०१० चा इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी’ (२००७) जास्त मोलाची. २००२ च्या दंगलीनंतर अहमदाबादचे यहुदी एका सोसायटीत एकत्र राहायला येतात, आणि प्रेषित एलियाहू हे त्यातलं एक पात्रच आहे. तो घराघरांतल्या तसबिरींत आहे आणि तसबिरीबाहेरही. ज्याच्या त्याच्या कुरबुरी ऐकतो. इस्रायलला जावं की इथेच मरावं, या प्रश्नाला त्याच्याकडेही उत्तर नसतं. प्रेषिताला सोसायटीच्या सभासदासारखं वागवणं, हा तो चादरींचा हिशेब. इस्रायलमध्ये नोहा मसिल ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवत आले आहेत. म्हणजे भाषा तिथवर गेली, कादंबरी गेली नाही.

अमेरिकेतल्या मराठी लेखनाबद्दल थोडक्यात सांगितलं तरी चालेल. तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, अंक निघतात, अधिवेशनं भरतात. गौरी देशपांडे यांच्या नायिका परदेशात राहतात, पण त्यांचा झगडा देशाशी कमी, नात्याशी जास्त. अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ने (२००७) पहिल्या पिढीची कहाणी नीट नोंदवली. ते ललित नसलं तरी अनेक कादंबऱ्यांहून वाचनीय आहे. एरवी बर्फ, फ्रीजमधलं वरण, आई-वडिलांची सहा महिन्यांची भेट, मुलांचे उच्चार, या सुखवस्तू हळहळीपुढे कथा फारशी सरकत नाही. वास्तविक अद्भुत तिथेही पडलेलं आहे. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातल्या सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डं मिळत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग दशकांत मोजतात. रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं, की ते आई-बापांच्या अर्जातून गळतं आणि ज्या देशात वाढलं तिथे परकं होतं. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती लागते त्या क्षणी मुलगी परदेशी होते, असं एक प्रकरण कुणीतरी लिहायला हवं.

पुन्हा गव्हाणकडे. सिडको हे सरकारी महामंडळ १९७० मध्ये स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित झाली. आगरी, कोळी, कराडी समाजाची ही गावं. भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी, समुद्राचं पाणी अडवणारे बांध आणि भरती-ओहोटीला उघडझाप करणाऱ्या उघाड्या. हे सारं शास्त्र पिढ्यांनी हाताने शिकलेलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण ठार झाले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, जिचं नाव पुढे महाराष्ट्रभर पोचलं. मार्केसच्या माकोन्दोत केळी कंपनीच्या संपावर गोळीबार होतो आणि नंतर गावात जवळपास कुणालाच तो आठवत नाही. जासईत उलट आहे. दर वर्षी १६ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, आठवण शाबूत आहे. पुसली गेली ती जमिनीची खूण. बांध कुठे होता हे आजोबांना माहीत असतं, पण दाखवायला जागा उरलेली नसते. या भागातून महाकादंबरी आली, तर ती विस्मरणाची नसेल. इतकं लख्ख आठवूनही काही सापडत नाही, याची असेल. तेवढ्यापुरतं माकोन्दोचं बोट सोडून द्यावं लागेल.

इथल्या माणसाने देश सोडला नाही, गावही सोडलं नाही, तरी तो स्थलांतरित झाला. कुटुंब वाढलं म्हणून त्याने पूर्वापार आपल्या असलेल्या जागेत खोल्या चढवल्या. जमीन कागदोपत्री सिडकोची, म्हणून ते बांधकाम अनधिकृत ठरलं. सरकारदरबारी अशा घरांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हे नाव पडलं आणि त्यांच्या नियमितीकरणाचे निर्णय वर्षानुवर्षं निघत आहेत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारस दाखला, सातबाऱ्यावरचं नाव, पात्रता यादी, एवढ्या कागदांनी मिळून एक आगरी माणूस सिद्ध होतो.

हे कसं लिहावं, याची एक चुणूक कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ने दाखवली आहे. धरणासाठी गाव उठलं, एक म्हैस मागे जंगलात राहिली, रानटी झाली, आणि तिचा माणूस तिला आणायला परत जातो. कथानक एवढंच. पण त्या उजाड जागी जनावर आणि माणूस यांतलं कोण माणसाळलेलं नि कोण रानटी, हे हळूहळू सांगता येईनासं होतं. २०२३ चा अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. ‘झाडाझडती’नंतर तीन दशकांनी विस्थापनाच्या मराठी कादंबरीने अर्जाची भाषा बाजूला ठेवली, ही यातली खरी बातमी.

खाडीकाठाला स्वतःची भाषाही आहे. आगरी लग्नात लग्नगीतं गाणारी धवळारीण येते आणि तिच्या धवळ्यांवाचून विधी पुढे सरकत नाही. देवांना आणि पितरांना ती घरच्या पाहुण्यासारखं बोलावते. वेशीवरचा चेडा, बांधावरचा राखणदार हे इथे गोष्टीतले नसून वहिवाटीतले. राखणदाराची जागा संपादनात गेली तर त्याला कुठला भूखंड, हा विनोद नाही. अनेक गावांत देवळांच्या जागांवरून असेच वाद झाले. धोका एकच. बाहेरचा लेखक हे सगळं शोभेला वापरील, कोळीनृत्याच्या तालावर एखादा चेडा नाचवील आणि त्याला जादुई वास्तववाद म्हणतील. हिशेब ठेवणारा लेखक घरचाच लागेल.

शिवाय आता गोष्ट एका बाजूची उरलेली नाही. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, २०२४ मध्ये अटल सेतू झाला, उरणची रेल्वे झाली आणि गव्हाणचं नाव स्थानकाच्या पाटीवर आलं. कंटेनर यार्डांत, इमारतींच्या बांधकामांवर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालची माणसं आली. त्यांतले पुष्कळ जण गावठाणातल्या खोल्यांत भाड्याने राहतात. तिथे मग असा व्यवहार होतो: घरमालकाचं घर सरकारी नोंदीत अनधिकृत असतं, त्याच घरमालकाच्या सहीने भाडेकरार होतो, तो करार दाखवून दरभंग्याचा मजूर पोलीस ठाण्यात आपली नोंद करतो आणि आधार कार्डावर गव्हाणचा पत्ता चढवतो. ज्याचं स्वतःचं घर कागदावर नाही, तो दुसऱ्याला कागदावर गावकरी करून देतो, आणि दोघांपैकी कुणालाच यात काही विचित्र वाटत नाही.